थांबा

बर्फ वितळलं की आमच्याकडे रस्ता बुडतो.
दरवर्षी नाही,
पण बुडतो तेव्हा अगदी मनापासून.
जगात कुठे चार ऋतू, कुठे म्हणे सहा;
एस्टोनियातल्या या आमच्या सोमा उद्यानात पाच.
पाचव्याला नाव नाही, नुसतं ‘पाचवा’ म्हणतात,
घरातल्या शेंडेफळाला जसं ‘बाळ’ म्हणत राहतात
मिशा फुटल्या तरी.

शेडच्या चौकटीवर खाचा आहेत.
डावीकडे आमच्या उंचीच्या, उजवीकडे पाण्याच्या.
त्या वर्षी पाणी ताव्हेतच्या कानाला लागलं
आणि तो दिवसभर टाचा उंचावून चालला.

बाबा समुद्रापलीकडे, हेलसिंकीत,
परांचीवर उभे राहून परक्यांच्या भिंती रंगवत होते.
शाळा बंद. आईची शाळेची बस
टेकाडावर, ओल्या कोंबडीसारखी अंग चोरून.
आई म्हणाली, “लेलो, भावाचं जॅकेट बांध.
माझा रस्ता कुठे गेला, बघून येऊ.”

मामाने अ‍ॅस्पेनच्या एका खोडातून कोरलेली होडी,
जाळावर धरून धरून रुंदावलेली,
शिंक आली तरी कलंडेल अशी.
नियम तीन: उभं राहायचं नाही, भांडायचं नाही,
जंगलातल्या कुणाला हात लावायचा नाही.
पहिला मी मोडला. दुसरा दोघांनी मिळून.

बर्चची झाडं गुडघाभर पाण्यात
विजारी दुमडून उभ्या पाहुण्यांसारखी.
खाली रस्त्याची खडी स्वच्छ दिसत होती
आणि तिच्यावरून जाणारा एक मासा,
बरोब्बर उजव्या बाजूने.
वेगमर्यादेची पाटी डोकं वर काढून: पन्नास.
“आई, हळू,” ताव्हेत कुजबुजला, “दंड होईल.”

बसथांब्याच्या खांबाला होडी बांधली.
काळा पाव, खारवलेले मासे, थर्मासमधला चहा;
बाकावर नाही, बाकाच्या वर तरंगत.
वेळापत्रकाच्या काचेआड सात चाळीस.
ताव्हेतने घड्याळ नसलेलं मनगट पाहिलं:
“ड्रायव्हर आजकाल फार उशीर करते.”
ड्रायव्हरने त्याच्या तोंडात पाव कोंबला.

आणि मग ससा.

वळणाशी एका बुंध्यावर, ताटाएवढ्या जागेत,
चारी बाजूंनी पाणी,
निम्मा अजून हिवाळ्याचा पांढरा, निम्मा मातकट.
कान पाठीला चिकटलेले.
मी हात पुढे केला. आईने वल्हं आडवं धरलं.
“तिसरा नियम.”
“तो मरेल.”
“तू पकडलंस तर भीतीने उडी मारेल, आणि मग नक्की.”
“आणि नाही पकडलं तर?”
आईने उत्तर दिलं नाही.
दूर बीव्हरने शेपटी आपटली. फाड्.
आम्ही परत फिरलो. मी तिच्याकडे पाठ करून बसले,
होडीत तेवढंच करता येतं.

रात्री फोनवर बाबांना सगळं सांगितलं, मासा, पाटी, दंड.
ससा सांगितला नाही.

पहाटे आईचे बूट जाग्यावर नव्हते.
आली तेव्हा कोपरापर्यंत भिजलेली, बोटं लाल.
“खोडाची साल कुरतडलीये सगळीकडे,” म्हणाली, “चार लेंड्या.
ससा नाही.”
“मग कुठे गेला?”
“तिथे एक फळी टाकायला गेले होते,” आई म्हणाली,
“किनाऱ्यापर्यंत. माझ्याआधीच गेला.
कसा, ते त्याला विचार.”
नियमात फळीचा उल्लेख नव्हता.

तीन आठवड्यांनी रस्ता वर आला, चिखल चोपडून,
बाकाच्या पाठीवर एक तपकिरी रेघ.
बस सुरू झाली. पहिल्याच फेरीला
ताव्हेत काचेला नाक लावून खडीत मासे शोधत होता.
वळणाशी तो ओरडला, “थांबा!”

तिथे थांबा नाही. चढणारं कुणी नाही.
एक बुंधा, शेजारी एक फळी, फळीवर ऊन.

आईने ब्रेक दाबला.
दार उघडलं,
मनात पाच मोजावेत इतका वेळ उघडं ठेवलं,
आणि मिटलं.
मागच्या सीटवरच्या मोठ्या मुलांनी विचारलं, कोण चढलं?
आम्ही दोघं पायांकडे बघत बसलो.